इंजिनाचा तुटलेला स्टड व थांबण्याची मजुरी

ट्रॅक्टर, पिकप आणि जीप हीं वाहनें आतां शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडीइतकींच परिचयाचीं झालीं आहेत. बैलाला काय दुखतें-खुपतें हें त्याला न सांगतां कळतें. इंजिनाच्या दुखण्याविषयीं मात्र तो सर्वस्वीं मिस्त्रीवर अवलंबून राहतो. मोठ्या दुखण्यांत तें योग्यच आहे. परंतु कांहीं दुखणीं मूळचीं क्षुल्लक असून केवळ उपचारांतील उतावीळपणामुळें जिवावर बेततात. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा स्टड तुटणें हें त्यांपैकींच एक होय. एवढ्याशा वस्तूसाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालावींत काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. स्टडाची किंमत चार कप चहाएवढी, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण तो काढण्याच्या खटपटींत हेड निकामी झालें, गाडी आठ दिवस गॅरेजांत अडकली व तोंवर तोडलेला माल घरांत नासला, अशीं उदाहरणें आमच्या सभासदांत वरचेवर घडत असून त्यांतील बहुतेक नुकसान टाळण्याजोगें होतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांस आटे पाडलेली पोलादी कांडी. तिचें एक टोक इंजिनाच्या हेडांत बसविलेलें असतें. दुसऱ्या टोकावर मॅनिफोल्ड चढवून नट आवळतात, व मधल्या फटींतून धूर निसटूं नये म्हणून तेथें गॅसकेट घालतात. काम साधें आहे, पण जागा वाईट आहे. पेट्रोल इंजिनावर भार असतांना त्यांतून निघणारा वायु ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. डिझेल इंजिनाचा वायु त्याहून थंड खरा, तथापि तोही कांहीं कमी नव्हे. गाडी बंद झाली कीं मॅनिफोल्ड निवतो, सुरू झाली कीं पुन्हां तापतो. आणि हा ताप-थंडीचा खेळ वर्षानुवर्षें चालतो.

त्याचा परिणाम काय होतो हें थोड्या हिशेबानें स्पष्ट होईल. बिडाचा ४० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनीं तापला तर तो सुमारें पावणेदोन मिलिमीटर लांबतो. ज्या हेडाला तो जखडलेला आहे तें पाण्यानें थंड राखलेलें असल्यामुळें समजा ८० अंशांनींच तापलें. ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीनें प्रसरण पावतें, तरीही हें हेड तेवढ्या लांबींत पाऊण मिलिमीटरहून अधिक वाढत नाहीं. म्हणजे दोहोंच्या वाढींत एक मिलिमीटरचा फरक पडला. मध्यापासून मोजल्यास प्रत्येक टोकाकडे अर्धा मिलिमीटर. हा आडवा रेटा टोकाच्या स्टडांना सोसावा लागतो, आणि म्हणूनच पहिला किंवा शेवटचा स्टड बहुधा आधीं तुटतो. कारखानदारांस हें माहीत आहे. मॅनिफोल्डला सरकावयास वाव मिळावा म्हणून अनेक इंजिनांत टोकाकडील भोंकें मुद्दाम थोडीं मोठीं किंवा लांबट ठेवलेलीं असतात. पण ‘धूर निसटतो आहे, आवळ अजून’ असें म्हणत जो लांब पान्यानें सर्व नट सारख्या जोरानें पिळीत सुटतो, तो हा वाव नाहींसा करतो. मग सरकावयाचें तें सरकत नाहीं, आणि तुटावयाचें तें तुटतें.

त्यांत गंजाची भर पडते. लोखंडाचा गंज मूळच्या लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो; आट्यांच्या बारीक फटींत ती जागा कोठून मिळणार? त्यामुळें नट स्टडावर व स्टड हेडांत पाचर मारल्याप्रमाणें घट्ट बसतो. हेड ॲल्युमिनियमचें असेल तर दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून ओलाव्यांत राहिल्यानें होणारी झीज आणखी वेगळी. स्टडाभोंवतीं जी पांढरी पूड दिसते ती तिचीच खूण. कोंकण व गोमंतक येथील खाऱ्या वाऱ्यांत वावरणाऱ्या गाड्यांस हा त्रास देशावरील गाड्यांहून अधिक व्हावा यांत नवल नाहीं.

आपलें हेड कोणत्या धातूचें आहे हें प्रत्येक मालकानें एकदां विचारून ठेवावें, कारण उपचार त्यावर अवलंबून आहे. जुन्या ॲम्बॅसेडरच्या १४८९ सी.सी. पेट्रोल इंजिनाचें हेड बिडाचें. मारुति ८०० चें ॲल्युमिनियमचें. दोन्ही गाड्यांचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, तरी खेड्यांत त्या अजून धांवतांना दिसतात. जुन्या विलिज पद्धतीच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जीपची गोष्ट आणखी निराळी. तिचे धुराचे व्हॉल्व्ह हेडांत नसून ब्लॉकमध्येंच आहेत, व मॅनिफोल्डही ब्लॉकलाच जोडलेला असतो. तेथें स्टड काढतांना चूक झाली तर हेड बदलून भागत नाहीं, धोका ब्लॉकला पोंचतो. अशी जीप ज्यांच्याकडे असेल त्यांनीं पुढील मजकूर दोनदां वाचावा.

एक स्टड तुटला तरी गाडी चालते. मग कशाला छेडावयाचें, असा विचार करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो मान्य नाहीं. स्टड तुटल्याची पहिली खूण म्हणजे सकाळीं थंड इंजिन सुरू करतांच येणारा टक्‌टक्‌ असा आवाज. मॅनिफोल्ड तापून फुगला कीं फट मिटते व आवाज बंद होतो. मालक निर्धास्त होतो. पण फट उघडमीट करीत असतांना तप्त वायु गॅसकेटला जाळीत असतो, मॅनिफोल्डला पीळ पडत असतो, व तुटलेल्या स्टडाचा भार शेजारचा स्टड वाहत असतो. एकाचे दोन व्हावयास फार दिवस लागत नाहींत. दुसरा धोका श्वासाचा. पेट्रोल इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. त्याला ना रंग ना वास. फटींतून निसटलेला हा वायु इंजिनाजवळच्या वाटांनीं बसण्याच्या जागेंत शिरूं शकतो, आणि थंडीच्या दिवसांत कांचा लावून, मुलाबाळांस घेऊन प्रवास करणाऱ्यास तो कळावयाचाही नाहीं. तिसरा धोका आगीचा. मळणीच्या खळ्यावर वा उसाच्या पाचटांत उभ्या असलेल्या यंत्राच्या बाजूनें जाळ बाहेर फेंकला जात असेल तर काय होईल, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. शिवाय गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यापासून धुरावर संवेदकांची नजर असते. त्यांच्या आधीं फट असली तर धुराच्या दोन झोतांमधील क्षणांत बाहेरची हवा आंत ओढली जाते. ऑक्सिजन मोजणाऱ्या संवेदकाला मिश्रणांत इंधन कमी पडल्याचा भास होतो, व इंजिन विनाकारण अधिक इंधन घेऊं लागतें. तात्पर्य, तुटका स्टड तसाच ठेवणें स्वस्त पडत नाहीं.

आतां उपचाराकडे वळूं. आमच्या मतें निम्मे स्टड हे झिजून तुटत नाहींत, ते नट सोडवितांना आपणच तोडतों. जाम झालेल्या नटाला पाना लावून त्याच्या दांड्यावर पाइप चढविला कीं चार माणसांचें बळ एका कांडीवर येतें. नट फिरल्यासारखा वाटतो, पण फिरतो तो नट नव्हे. स्टडच पिळवटत असतो. हाताला जो मऊपणा जाणवतो तीच थांबण्याची सूचना होय. नटाची किंमत कांहींच नाहीं व स्टडाचें मोल फार, हें एकदां ठसलें म्हणजे पुढची वाट सोपी होते. नट सुटत नसेल तर त्याला बाजूनें कापावा, छिन्नीनें वा नट फोडण्याच्या साधनानें त्याचे दोन तुकडे करावे, आणि स्टड शाबूत राखावा. शाबूत स्टड बाहेर काढावयाचाच असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आंतील नटाला उलटा पाना लावतात, ही युक्ति प्रत्येक जुन्या मिस्त्रीस ठाऊक असते.

त्याच्याही आधींचें काम तेलाचें. गंज सोडविणारें पातळ तेल प्रत्येक स्टडाच्या मुळाशीं व नटाच्या दोन्ही अंगांस आदल्या सायंकाळीं लावावें, रात्रीं निजण्यापूर्वीं पुन्हां लावावें, पहाटे तिसऱ्यांदा लावावें. पाच मिनिटांत तेल आंत शिरतें असें मानणें म्हणजे एका घमेल्यानें वावर भिजतें असें मानणें होय. सकाळीं नट प्रथम किंचित् आवळावा, मग सोडावा. अर्धा फेरा सुटला कीं पाव फेरा मागें घ्यावा, तेल घालावें, पुन्हां सोडावा. ह्या पुढेंमागें करण्यानें गंजाची पूड बाहेर पडते. सरळ ओढीत राहिल्यास तीच पूड आट्यांत साठून पुन्हां पाचर बसते.

उष्णता ही तेलाची सखी आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीनें प्रसरण पावत असल्यामुळें हेडाचा तेवढा भाग बेतानें तापविला तर भोंक स्टडापेक्षां अधिक मोठें होतें व पकड ढिली पडते. पण येथेंच सावधगिरी हवी. पोलाद तापतांना लाल होऊन आपल्याला इशारा देतें. ॲल्युमिनियम तसा इशारा देत नाहीं. तें शुभ्रच राहतें आणि ६६० अंशांच्या सुमारास, मिश्रधातु असल्यास त्याहूनही आधीं, एकाएकीं वितळून ओघळतें. म्हणून ॲल्युमिनियमच्या हेडावर गॅस कटिंगची ज्योत धरूं देऊं नये. लहान ज्योतीचें साधन पुरे. तापलेल्या आट्यांस साधी मेणबत्ती टेंकविली तर मेण वितळून फटींत आपोआप ओढलें जातें. आम्हीं हा प्रयोग अनेकदां यशस्वी झालेला पाहिला आहे. अर्थात् हें सर्व करतांना पेट्रोलची नळी दूर केलेली असावी, व वाळूची बादली जवळ असावी.

इतकें करूनही स्टड तुटला, किंवा तुटलेल्या स्थितींतच गाडी हातीं आली, तर पहिलें काम म्हणजे थांबून पाहणें. तुकडा हेडाच्या सपाटीवर उभा आहे, सपाटीशीं समतल आहे, कीं आंत खोल गेला आहे? ह्या तीन अवस्था म्हणजे तीन निरनिराळे रोग होत. अर्धा इंच जरी बाहेर असेल तर दांत असलेली लॉकची पक्कड, तेल आणि उष्णता यांनीं तो बहुधा निघतो.

समतल किंवा किंचित् आंत तुटलेल्या स्टडास आमच्या मतें उत्तम उपाय वेल्डिंगचा आहे, व तो लोकांस वाटतो तितका धाडसाचा नाहीं. तुकड्यावर एक वॉशर ठेवून त्याच्या भोंकांतून तुकड्याच्या माथ्यावर वेल्डिंगचा थेंब उभारावा, मग त्यावर नट ठेवून तो आंतून भरून काढावा. पोलादाची तार ॲल्युमिनियमला धरत नाहीं, त्यामुळें भोंवतालचें हेड चिकटण्याची भीति फारशी नसते. बिडाच्या हेडावर मात्र तार कांठाला लागूं न देण्याचें कसब हवें. ह्या उपायाचें खरें बळ नटांत नसून तापण्यांत आहे. स्टड आंतून लालबुंद होतो, फुगूं पाहतो, भोंवतालचा धातु त्याला फुगूं देत नाहीं. निवतांना तो आकसतो आणि गंजाची पकड तुटते. म्हणून वेल्डिंग झाल्याबरोबर पाना लावूं नये. पाणी ओतून तर मुळींच थंड करूं नये. आपोआप निवूं द्यावें, तेल द्यावें, आणि मग पुढेंमागें हलवावें. नट निखळून आला तर निराश न होतां दुसरा लावावा. तिसऱ्या-चौथ्या नटाला स्टड निघाला तर त्यांत मिस्त्रीची उणीव नाहीं. दर वेळच्या तापण्यानें तो थोडा थोडा सैल होतच असतो. दोन गोष्टी विसरूं नयेत: जस्ताचा मुलामा असलेला नट वापरूं नये, कारण त्याचा धूर छातींत जाऊन ताप भरतो, आणि संगणकाचा मेंदू असलेल्या नव्या गाड्यांत वेल्डिंगपूर्वीं बॅटरी सोडून उत्पादकाच्या सूचना पाहाव्या.

वेल्डिंग शक्य नसेल तेव्हां ड्रिल. येथें हाताचा नेटकेपणा सर्वस्व आहे. तुटलेलें तोंड वांकडें असल्यामुळें ड्रिलचें टोक घसरतें, आणि एकदां तें पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्यें शिरलें कीं परत येत नाहीं. भोंक तिरकें जातें. ह्यावर एक साधी युक्ति अशी कीं, मॅनिफोल्डच्या भोंकांत बरोबर बसेल अशी, मधोमध लहान छिद्र असलेली पोलादी नळी लेथवाल्याकडून करून घ्यावी. मॅनिफोल्ड शाबूत स्टडांवर चढवून ती नळी तुटक्या स्टडाच्या भोंकांत बसवावी. ड्रिलला दुसरीकडे जाण्यास वावच राहत नाहीं. टोकाचें भोंक मोठें किंवा लांबट असेल तर मात्र नळी मध्यावर आहे कीं नाहीं हें आधीं पारखून घ्यावें. प्रथम तीन मिलिमीटरचें ड्रिल, मग क्रमाक्रमानें मोठें. ८ मिलिमीटरच्या सव्वा पिचाच्या स्टडास ६.८ मिलिमीटरपर्यंत जातां येतें. तेथवर मध्य साधला असेल तर उरलेलें पोलाद सळसळीत वळ्यांच्या रूपानें आट्यांतून उचलून काढतां येतें. उलट्या हाताचें ड्रिल मिळालें तर फारच उत्तम, कारण तें फिरतेंच सोडण्याच्या दिशेनें, व पुष्कळदां निम्म्या कामांत स्टडच त्याच्याबरोबर बाहेर येतो.

आतां ज्या हत्याराविषयीं आमची विशेष तक्रार आहे त्याकडे येतों. बाजारांत ईझी-आउट म्हणून उलट्या पिळाचें निमुळतें हत्यार मिळतें. नांव मोठें गोड आहे. भोंक पाडावें, हें आंत ठोकावें, उलटें फिरवावें, कीं स्टड बाहेर, असें विक्रेता सांगतो. आणि ढिल्या, न गंजलेल्या बोल्टाच्या बाबतींत तें खरेंही आहे. पण जो स्टड स्वतःच्या पूर्ण जाडीनें फिरण्यापूर्वीं तुटला, तो त्याहून बारीक हत्यारानें कसा फिरावा, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्यांतून तें निमुळतें असल्यामुळें जितकें आंत जावें तितकें स्टडास बाहेरच्या बाजूस फांकवितें, म्हणजे पकड अधिकच घट्ट करतें. आणि तें अतिशय कठीण व म्हणूनच ठिसूळ पोलादाचें असल्यामुळें वांकत नाहीं, एकदम कट्‌कन् तुटतें. असें तें भोंकांत तुटलें कीं साध्या ड्रिलनें त्याला ओरखडाही उठत नाहीं. जें काम तासाभराचें होतें तें तेथून पुढें कारखान्याचें होऊन बसतें.

मग एकच हमखास मार्ग राहतो, तो म्हणजे विजेच्या ठिणगीनें धातु झिजविण्याचा. ह्या पद्धतीचा उगम मोठा मनोरंजक आहे. १९४३ सालीं सोव्हिएत रशियांत लाझारेंको नांवाचें शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या संपर्कबिंदूंची ठिणगीमुळें होणारी झीज कशी थांबवावी ह्याचा शोध घेत होतें. झीज थांबविण्यापेक्षां तिलाच कामाला लावावें असें त्यांस सुचलें, व त्यांतून हें यंत्र जन्मास आलें. कितीही कठीण पोलाद असो, ठिणगी त्याला कण कण करून खाते आणि भोंवतालचे आटे जसेच्या तसे राहतात. साचे तयार करणाऱ्या कारखान्यांतून हीं यंत्रें असतात. परंतु तेथें हेड उतरवून न्यावें लागतें, नव्या हेड गॅसकेटचा खर्च येतो, आणि गाडी तोंवर दारांत उभी राहते. म्हणून ईझी-आउट हें पहिलें हत्यार नसून, स्टड एकदां हलूं लागल्यावरच वापरावयाचें हत्यार आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आटे बिघडलेच तर हेड फेंकून देण्याचें कारण नाहीं. भोंक थोडें मोठें करून त्यांत तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवितां येतात. योग्य रीतीनें बसविलेले हे पोलादी आटे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षां मजबूत ठरतात. हेडच बदला असें सांगणाऱ्यास मालकानें प्रथम ह्या उपायाविषयीं विचारावें.

नवे स्टड बसवितांना एकच बदलून थांबूं नये. एक तुटला त्या अर्थीं त्याचीं भावंडें त्याच वयाचीं आहेत. सगळे बदलावे, आट्यांस तांब्याचें किंवा निकेलचें उष्णतारोधक ग्रीस लावावें, गॅसकेट नवें घालावें, आणि नट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावे. जुन्या कित्येक गाड्यांत मॅनिफोल्डला पितळी नट असत. ते पोलादी स्टडाशीं गंजून एकजीव होत नसत. ते कोणास हलक्या प्रतीचे वाटून त्यानें काढून पोलादी घातले असतील, तर परत पितळी घालणें बरें.

येथवर जें सांगितलें त्यांतील बहुतेक गोष्टी चांगल्या मिस्त्रीस ठाऊक असतात. मग तो तसें कां करीत नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर गॅरेजांत शोधण्यापेक्षां आपल्या वागण्यांत शोधावें. गाडी सकाळीं नेऊन सोडावयाची, ‘पहाटे माल बाजारांत पोंचला पाहिजे, संध्याकाळपर्यंत कर’ म्हणून डोक्यावर उभें राहावयाचें, दर तासाला टेलिफोन करावयाचा, आणि मजुरी द्यावयाची ती कामावर, वेळावर नव्हे. तेल लावून जो मिस्त्री रात्रभर थांबेल त्याची जागा अडते, दुसरें गिऱ्हाईक परत जातें, आणि हातीं मजुरी तीच पडते. जो पाइप लावून झटका देईल त्याचें दहांपैकीं सहा वेळां भागतें, व उरलेल्या चार वेळांचें नुकसान मालकाच्या अंगावर जातें. अशा व्यवहारांत मिस्त्रीनें सावकाशपणा पत्करावा असें आपण कोणत्या तोंडानें म्हणावें? गवंडी कोब्यावर पाणी मारीत सात दिवस बसतो तेव्हां त्याला आपण आळशी म्हणत नाहीं. भात मुरावयास, कांदा सुकावयास, शेण कुजावयास वेळ लागतो हें ज्याच्या हाडीं मुरलेलें आहे, त्या शेतकऱ्यानें गंज सुटावयास वेळ लागतो एवढें मात्र मान्य करूं नये, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ह्या कामाची मजुरी ठरवितांना थांबण्याची मजुरी तींत धरावी. गाडी आदल्या दिवशीं दुपारींच न्यावी, तेल समक्ष लावून घ्यावें, रात्रीचें जागेचें भाडें द्यावें, व काम दुसऱ्या दिवशीं सुरू व्हावें असें तोंडी नव्हे, लेखी ठरवावें. ‘नट कापावा लागला तरी चालेल, स्टड तोडूं नये, तुटल्यास मला विचारल्याशिवाय ईझी-आउट घालूं नये’ हें वाक्य त्या कागदावर असावें. असा करार करणारा मालक मिस्त्रीस शत्रु वाटणार नाहीं. उलट त्यालाही हातघाईपासून सुटका मिळेल. कांहीं सभासद म्हणतील कीं, एवढा पैसा आधींच कोण देतो? त्यांनीं एका नव्या हेडाचा भाव विचारून यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळचा टक्‌टक्‌ आवाज ज्या दिवशीं ऐकूं येईल त्याच आठवड्यांत काम काढावें. तें गळिताच्या हंगामांत किंवा कांदा लासलगावला न्यावयाच्या दिवसांत येऊं नये असें वाटत असेल, तर उन्हाळ्यांत पेरणीपूर्वीं अवजारें पाहतों तेव्हांच मॅनिफोल्डही पाहावा. गॅसकेटच्या कडेस काजळीची काळी रेघ उमटली असेल तर फट आहे असें समजावें.

तिसरी सूचना आपल्या संस्थेपुढें आहे. आपल्या अवजार बँकेंत रोटाव्हेटर आहे, पेरणी यंत्र आहे, फवारणी यंत्र आहे. पण गांवच्या मिस्त्रीला ज्या बारीक हत्यारांवांचून अडतें तीं एकट्यानें विकत घेणें त्याला परवडत नाहीं, कारण वर्षांतून पांच-सहा वेळांच त्यांचें काम पडतें. तीं संस्थेनें घ्यावींत असें आम्ही सुचवितों. उलट्या हाताच्या ड्रिलांचा एक संच. नट फोडण्याचें साधन. ८ व १० मिलिमीटरचे टॅप, त्यांत शेवटपर्यंत आटे पाडणारा टॅपही असावा. तारेच्या आट्यांचा संच. माप दाखविणारा पाना. आणि मध्य साधणाऱ्या नळ्या, त्या आपल्याच तालुक्यांतील लेथवर होतील. एका पेटींत हें सर्व मावतें, व तिची किंमत एका नव्या हेडाच्या किंमतींत बहुधा बसते. पेटी कोणत्याही मिस्त्रीस सभासदाच्या चिठ्ठीवर तीन दिवसांकरितां द्यावी, भाडें नाममात्र घ्यावें, व मोडलेल्या ड्रिलाची भरपाई ज्याची गाडी त्यानें करावी. पेटी घरीं नेऊन ठेवण्याची आपल्याकडील जुनी खोड लक्षांत घेतां परतीची तारीख फळ्यावर लिहिण्यास व्यवस्थापकांनीं संकोच करूं नये.

पुढील वार्षिक सभेपुढें ह्या अर्थाचा ठराव आणण्याचें कांहीं सभासदांनीं मनावर घेतलें आहे. ज्यांच्या गाडीवर असा प्रसंग आलेला आहे त्यांनीं तत्पूर्वीं आपला अनुभव, गाडी कोणती, हेड कोणत्या धातूचें, स्टड कोठें तुटला, कसा निघाला आणि एकंदर खर्च काय आला, एवढ्या तपशिलानिशीं आमच्याकडे लिहून पाठवावा. पेटींत आणखी काय हवें हें त्यावरूनच ठरवितां येईल.